आईच्या खोलीतला स्पीकर

सदर बाजारातला तो रेडिओ मेकॅनिक माणसांपेक्षा तारांशी जास्त बोलायचा. "चाल वं, वाक जराशी," असं लाडीगोडीनं. रेकॉर्ड-प्लेअर बैठकीत असावा आणि गाणं मात्र घरभर ऐकू यावं, ही माझी हौस. त्यासाठी तो खोलीखोलीत स्पीकर बसवत होता.

त्याची एक विचित्र सवय होती. नव्या स्पीकरवर गाणं लावण्याआधी तो बैठकीत बसून त्याची तार उलटी जोडायचा आणि हेडफोनमधून ती रिकामी खोलीच ऐकत राहायचा. "स्पीकर बोलते तसा ऐकते बी, भाऊ. खोली कशी हाय, थे आधी समजा लागते."

शेवटी आईची खोली उरली. आई गेल्यापासून ती बंदच होती. तिथं स्पीकर लावून, दार ओढून तो बैठकीत आला. हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ हलला नाही.

मग हळूच म्हणाला, "आईले कमी ऐकू येते का?"

आईबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"हो, यायचं कमी. पण काहून?"

"मंग आवाज वाढवून ठेवतो," तो म्हणाला. "स्पीकरले कान लावून बसून राहिल्या."