भिजलेल्या ट्रकचा अंदाज

समस्त जनतेस, विशेषतः समुद्रकाठच्या जनतेस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आंबा घाटाच्या पायथ्याशी, ऑक्टोबर महिन्यात, 'पाऊस संपला' असे जाहीर करण्यास सक्त मनाई आहे. ही मनाई आमच्या वाडीने केली, माझे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले त्या वर्षी. साल एकोणीसशे नव्याण्णव.

सासरे गुहागरचे, मासेमारीच्या होडीवरचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तानच. उभा जन्म वारा हुंगण्यात गेलेला. दसरा नुकताच झाला होता. सकाळी शाल घ्यावी असं धुकं आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन, असे आमच्याकडचे ते दिवस. आईने भात कापून खाचरातच वाळायला पसरलं होतं. घरचं वर्षभराचं खाणं तेवढंच. दुपारी भारे बांधून ते आत घ्यायचा तिचा बेत होता.

सासऱ्यांनी पश्चिमेकडे तोंड केलं, कपाळावर हात धरला आणि निकाल दिला, "विहीणबाई, आभाळ धुतल्यासारखं आहे. आजची रात्र राहू दे. कडक वाळेल."

एवढे मोठे तांडेल, त्यातून मुलाचे सासरे. आई कसली नाही म्हणतेय? तिने दोर गुंडाळून ठेवले.

खरं तर ऑक्टोबरातला आमचा पाऊस समुद्रावरून येतच नाही. तो पाठीमागून, देशावरून घाट उतरून येतो, आणि मध्ये डोंगर असल्यामुळे डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. म्हणून आमची वाडी आभाळाकडे न बघता कोल्हापूरकडून उतरणाऱ्या ट्रककडे बघते. ट्रक कोरडा असेल तर भात वाळू द्यायचं. ताडपत्री गळत असेल तर पळायचं.

चहाच्या वेळेला, रस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या माझ्या काकीची हाक आली, "वहिनी, भात उचल गो. गुळाचा ट्रक भिजून आलाय."

वर लखलखीत ऊन होतं. सासरे हसले. "वाटेत धुतला असेल कुणी."

"आणि वायपर काय हौस म्हणून चालू ठेवलान?" काकी म्हणाली, आणि टपरी तशीच उघडी टाकून खाचरात उतरली.

मग कुणाला बोलवावं लागलं नाही. ज्यांचं स्वतःचं भात अजून उभं होतं तीही माणसं आली. अर्धा चहा ठेवून ट्रकवाला आला. "दोर टाका की हिकडं," म्हणत त्याने पहिला भारा डोक्यावर घेतला. सासऱ्यांनी धोतर खोचलं आणि होडीवरच्या गाठी मारत भारे बांधले. त्या गाठी पुढे कुणालाच सुटल्या नाहीत, विळ्याने कापाव्या लागल्या. आमची पडवी भरली, शेजारचा गोठा भरला, काकीच्या टपरीत गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर भात बसलं.

शेवटचा भारा उंबऱ्याच्या आत आला आणि डोंगर दिसेनासा झाला. पाऊस असा कोसळला की बोललेलं ऐकू येईना. त्या वर्षी ताटात भात वाढला की आई आधी त्या ट्रकवाल्याचं नाव काढायची आणि मग वाडीतल्या एकेकाचं. जेवण निवायचं, पण यादी संपल्याशिवाय घास घ्यायची सोय नव्हती. मला ती सक्ती आजही आवडते.

त्या संध्याकाळी मात्र पडवीत सगळे दाटीवाटीने उभे होते, केसांत पेंढा, अंगाला खाज. सासऱ्यांना काही बोलायची कुणाची छाती नव्हती. आईने त्यांच्या हातात चहा दिला. त्या न दिसणाऱ्या डोंगराकडे बघत ते म्हणाले,

"आमचा समुद्र बरा. मारायचं तर समोरून येतो."