उपकेंद्रातल्या बाई

बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलून बघायच्या. आजारी माणूस राहिला बाजूला. मी मुरबाड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालेला डॉक्टर. मला हा आगाऊपणा वाटला. तसं म्हणालोही. बाई म्हणाल्या, "पोटात काय गेलंय ते कळल्याबिगर गोळी कसली देऊ, साहेब?"

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सरकारी तक्त्यात आमची व्यवस्था झकास दिसायची. गावात उपकेंद्र, त्याच्यावर माझं केंद्र, वर तालुका, त्याच्या वर जिल्हा. आणि अगदी तळाला, सिद्धगडाच्या अंगाच्या सगळ्या पाड्यांसाठी, या एकट्या नर्सबाई. लशींचा डबा खांद्याला लावून चढायच्या. सुरुवातीला बायका त्यांना बघून रानात पळायच्या म्हणे. "मंग मीपण रानात गेले, त्यांच्यासंगं मोहाची फुलं वेचत बसले," बाई सांगायच्या. अशी दहा-बारा वर्षं गेली, तेव्हा कुठे लोक आपणहून उपकेंद्राची पायरी चढू लागले.

दर महिन्याला माझ्या केंद्रात सभा असायची. एकदा आदल्या दिवशी बाई येऊन म्हणाल्या, "उद्या मला नका बोलवू, साहेब. वरच्या पाड्यातल्या सोनीचे दिवस भरलेत, आन् अंगात रक्त नाय तिच्या." मी आधीच वैतागलेलो. वरून अधिकारी यायचे होते आणि लसीकरणाची माहिती बाईंकडे. म्हटलं, "एका दिवसानं काय होतंय? त्रास झालाच तर जीपने मुरबाडला नेतील की." किती शहाणा होतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सोनीला कळा सुरू झाल्या. माणसांनी तिला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मुरबाडची जीप उभी होती, ड्रायव्हर बसा म्हणत होता. पण तिची सासू म्हणाली, "तिथं कोण वळखतंय आपल्याला? बाईंकडंच चला." जीप निघून गेली. उपकेंद्राला कुलूप होतं; बाई माझ्या सभेत होत्या. येतीलच बाई, म्हणून सगळे ओट्यावर बसून राहिले. तिथंच बाळंतपण झालं आणि रक्त थांबेना. बाई दुपारच्या एसटीतून उतरल्या तेव्हा बाळ सासूच्या मांडीवर होतं आणि सोनी गेली होती.

निरोप मिळताच मी धावत गेलो. काय उपयोग? सासू बाईंना म्हणत होती, "आमी तुमचीच वाट बघत व्हतो गो बाई." बाईंनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "मीच यांना माझी सवय लावली, साहेब."

पुढच्या आठवड्यापासून त्या पुन्हा पाडे चढू लागल्या. मीही बरोबर गेलो; दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच. प्रत्येक अंगणात बसून बाई सांगायच्या, "माझी वाट बघू नका. कळा आल्या की मिळंल त्या गाडीनं मुरबाड गाठा." सोनीच्या जावेला सातवा महिना होता. तिनं सगळं नीट ऐकलं, मान डोलवली आणि बाई उठल्यावर हळूच विचारलं, "पण तुमी असाल ना, बाई?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायचा अधिकार मलाही नव्हता.