ओठांचा मोठा जाणकार

प्रत्येक माणसाला स्वतःबद्दल एखादा तरी गोड गैरसमज लागतो. माझा असा होता, की मी ओठांचा रसिक आहे. कोणी डोळ्यांवर भाळतं, कोणी लांब केसांवर; मी ओठांवर. निवृत्तीनंतर अनगोळातल्या चहाच्या टपरीवर आम्ही काही जुने मास्तर जमायचो, तिथं या विषयातला शेवटचा शब्द माझा असे. मी मुळात इतिहास शिकवलेला माणूस, पण दिवाळी अंकांतले मानसशास्त्रावरचे लेख वाचून वाचून बऱ्यापैकी बिघडलो होतो.

मी सांगायचो, बाळाची जगाशी पहिली ओळख ओठांनी होते, म्हणून मोठेपणीही जीव तिथंच अडकतो. डोळ्यांना लपवाछपवी जमते, ओठांना जमत नाही. राग गिळला तरी ओठाचा कोपरा चुगली करतो. मग संस्कृत कवींकडे वळायचो. त्यांनी सुंदरीच्या ओठांना बिंबफळ म्हटलं, आणि बिंबफळ म्हणजे पिकून लालबुंद झालेलं तोंडलं. यावर एकजण हटकून म्हणे, की आमच्या घरी कायम तोंडल्याची भाजी असते, पण आमच्या मनात असं कधी काही आलं नाही. अरसिकांपुढं बोलायचं म्हणजे हे आलंच.

माझ्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा होता तो माझ्या लग्नाचा. मुलगी निपाणीची, वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. बघायला गेलो तेव्हा घराचा पुढचा सोपा माणसांनी भरलेला, सगळे एकदम बोलत होते आणि सवय नसल्यामुळं आमच्याकडची मंडळी तंबाखूच्या वासानं आळीपाळीनं शिंकत होती. मुलगी समोर येऊन बसली, काही विचारलं की उत्तर द्यायची, आणि मी तिच्या ओठांकडं बघत राहिलो. तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं मला माझी नोकरी विचारली म्हणे, मला भानच नव्हतं. पुढं आयुष्यभर बायकोनं ही गोष्ट बारशात, वास्तुशांतीत, हळदीकुंकवात सांगितली. ह्यांनी त्या दिवशी माझ्या ओठावरनं नजर काढली नाही, असं ती म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी लाजल्यासारखं करायचो आणि आतून फुगायचो.

शाळेत माझी ख्याती शांत मास्तर म्हणून होती, कारण पोरं मागच्या बाकांवर कुजबुजली तरी मी चिडायचो नाही. कचेरीत कोणी कागदात मान घालून कन्नडमधून काही विचारलं तर मी गप्प उभा राही. यावरून टपरीवरच्या मित्रांनी मला सीमाभागातला कट्टर मराठी ठरवून टाकलेलं. खरं तर माझं कन्नड बरं आहे. मला एवढंच वाटायचं, की ज्याचे ओठ दिसत नाहीत त्याच्याशी बोलण्यात आपलं मन रमत नाही.

मग मास्कचे दिवस आले. सगळं गाव ओठ झाकून फिरायला लागलं आणि मला जगाचाच कंटाळा आला. कोणाचं बोलणं ऐकावंसं वाटेना. टपरी परत उघडल्यावर मी मित्रांना सांगितलं, की माझ्यासारख्या माणसाची ही विरहावस्था आहे. ते मास्कमागून काहीतरी बोलले. ती सहानुभूती असावी असं मी धरून चाललो.

एकदा मुलीबरोबर बँकेत गेलो. काउंटरच्या काचेपलीकडून मास्क लावलेल्या बाईंनी काही विचारलं, मी नुसता उभा. त्यांनी परत विचारलं, मी तसाच. रांगेतल्या एकाला वाटलं, मास्तर कन्नडला उत्तर देत नाहीत, म्हणून तो माझ्या बाजूनं भांडायला पुढं सरसावला. लगेच दुसरा बाईंच्या बाजूनं आला. बघता बघता सगळा सीमाप्रश्न त्या काउंटरवर पेटला. शेवटी मुलीनं स्वतःचा मास्क खाली करून मला सांगितलं, "बाबा, त्या मराठीतच विचारतायत. पासबुक आणलंय का म्हणून."

मुलगी तिथून मला थेट कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी तोंडापुढं एक पुठ्ठा धरला आणि एकेक शब्द म्हणायला लागल्या. तो मी परत म्हणायचा. पुठ्ठा खाली असला की मी हुशार विद्यार्थी, पुठ्ठा वर गेला की ढ. लहानपणी कान वाहायचे का, असं त्यांनी विचारलं. वाहायचे, आई लसणाचं तेल घालायची. दोन्ही कान तेव्हापासूनच अधू असणार, त्या म्हणाल्या, आणि नकळत तुम्ही आयुष्यभर ओठ वाचून निभावून नेलंत. हे त्या कौतुकानं सांगत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र संस्कृत कवींची सगळी तोंडली वेलावरून टपाटपा गळत होती.

कानात मशीन बसवून घरी येताना माझी रसिकता गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी बायकोच्या गोष्टीची होती. दिसण्याबद्दल तिचं कधी कुणी कौतुक केलं नव्हतं. माहेरी थोरल्या बहिणीच्या गोरेपणाचाच डंका वाजायचा. भर बैठकीत एक मुलगा आपल्या ओठांकडं बघत राहिला, एवढं एकच कौतुक तिच्या वाट्याला आलेलं. तो मुलगा नुसता ऐकायची धडपड करत होता, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? मला खरोखर भीती वाटली. वयामुळं जरा कमी येतंय ऐकू, एवढं सांगून मी मोकळा झालो.

मशीननं घरात गंमत आणली. पंखा कुरकुरतो, बायकोची जोडवी फरशीवर वाजतात, हे मला नव्यानं कळत होतं. आता पेपरातून डोकं न काढताही तिला उत्तर देता यायचं आणि या प्रगतीवर मी खूश होतो. ती मात्र बोलणं कमी कमी करत गेली. एका दुपारी ती तोंडली चिरत बसली होती. मी पेपराआडून कशाला तरी हो म्हटलं, तशी तिनं विळी बाजूला सारली.

"मशीन आल्यापास्नं तुमी माझ्याकडं बघायचंच सोडलासा," ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. कान, लसणाचं तेल, पुठ्ठा, सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी निपाणीत मी का बघत होतो तेही सांगितलं, आणि ती आता रडणार असं धरून बसलो. ती देठं गोळा करत राहिली.

"मला त्याच दिवशी कळलंतं," ती म्हणाली. "दाजींनी दोनदा इचारलं, तुमी गप्पच. आक्का आत यिऊन म्हणली, पोरगं भैरं दिसतंय, आप्पास्नी सांगते. मी म्हणलं, भैरं न्हाय गं, माझ्या व्हटाकडं बघून खुळं झालंय. तशी ती हसली आन् गप बसली."

सगळी बारशी, सगळ्या वास्तुशांती माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. कोणीतरी मला काही विचारायचं, मी उत्तर द्यायचो नाही, चार माणसं माझ्याकडं बघायला लागायची, आणि नेमकी तेव्हाच हिला ती गोष्ट आठवायची. मी मात्र दर वेळी फुगत होतो. ऐकू न येणारा नवरा तुला कशाला हवा होता, असं मी विचारलं.

"आमच्या घरात माझं बोलणं कोण ऐकून घेत हुतं?" ती म्हणाली. "मी बोलत हुते तवर तुमी दुसरीकडं कुठं बघितला न्हाईसा."

मशीन कानात होतं, तिचा शब्द न् शब्द स्पष्ट येत होता, आणि तरी माझी नजर तिथंच होती. ओठांच्या कडांना सुरकुत्या पडल्यात, खालचा ओठ बोलताना किंचित डावीकडं जातो. ते तिच्या लक्षात आलं.

"आता ऐकायला येतंय न्हवं?" तिनं विचारलं. "मग काय बघालायसा?"

टपरीवर या विषयातला शेवटचा शब्द माझा असतो. घरी तो तिचा झाला. मी पेपर घडी करून ठेवला आणि बघत राहिलो.