सासूचं मडकं

"झाकणासकट परत आलं! बघ गं कोंबडे, माझं मडकं जसं गेलं तसं परत आलं. सकाळपासून चुलीपाशी डोळे फोडून घेतले ते याच्यासाठी?"

नाम्बेवे म्हातारी आपल्या चुलीच्या खोपटाआड बसून कोंबडीशी बोलत होती. कोंबडी निवांत भुसा उकरत होती. ज्याला हे ऐकवायचं होतं तो मलिझानी, म्हातारीचा जावई, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ओट्यावर पाठ फिरवून बसला होता. सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, जावयाने सासूशी बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यामुळे लग्न झाल्यापासून म्हातारीने त्याला जे काही सुनावलं होतं ते सगळं कोंबडीला, उखळाला, नाहीतर स्वतःच्या मुलीला सांगून.

ती मुलगी, तिसाउके, दोघांच्या मध्ये मडकं हातात धरून उभी होती.

"झाकण काढून बघितलं त्यांनी, आई. मग पुन्हा ठेवलं."

"म्हणजे वास घेऊन परत पाठवलं! हे तर आणखी बरं! विचार त्याला, माझ्या हातात किडे पडलेत का?"

"अहो, आई विचारतेय..."

"मला बहिरेपण आलेलं नाही," मलिझानी समोरच्या कुंपणाकडे बघत म्हणाला. "भूक नाही म्हणून सांग."

"कोंबडे, ऐकलंस? जंगलात सुक्या मासळीवर दिवस काढून आलेला माणूस, आणि त्याला भूक नाही. नदीपलीकडे कुणी दुसरी चूल मांडलीय का, विचार."

तिसाउकेला हसू आलं, पण नवऱ्याची पाठ बघून तिने ते गिळलं. जावयाने सासूचं मडकं भरलेलं परत पाठवणं म्हणजे चार माणसांत थोबाडीत मारण्यासारखं. मडक्यात काय आहे हे विचारायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, पुढ्यात येईल ते खायचं आणि रिकामं मडकं धुऊन पाठवायचं. मलिझानीने इतकी वर्षं हेच केलं होतं. भेंडीचं गिळगिळीत कालवण आलं, भोपळ्याचा पाला आला, कधी नुसतं मीठ घातलेलं पाणी आलं, त्याने न्शिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा त्यात बुडवून निमूट खाल्ला. दुष्काळाच्या वर्षी म्हातारी स्वतः उपाशी राहून त्याला मडकं पाठवायची, हेही त्याला ठाऊक होतं.

आजच्या मडक्यात पाये होते. कातडीसकट मंद आचेवर शिजवलेले, शेंगदाण्याच्या कुटात. बोकडाचे पाये, असं तिसाउके म्हणाली होती. त्याने एक तुकडा उचलला तर त्याच्या कातडीवर गोल खाच होती, थेट हाडापर्यंत गेलेली. बोकडाला दाव्याने असं होत नाही. आपला पाय तारेतून सोडवायला एखादं हरीण रात्रभर ओढत राहिलं, की असं होतं.

मलिझानीने अशा खाचा उभ्या जन्मात इतक्या पाहिल्या होत्या की त्याला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. तो अभयारण्याचा वनरक्षक. खाकी कपडे, खांद्यावर जुनी बंदूक, पाठीवर पिठाची पिशवी, आणि गस्तीहून परतताना हातात जप्त केलेल्या तारांचं भेंडोळं. सोंड अर्धी तुटलेलं हत्तीचं पिल्लू त्याने पाहिलं होतं. गळ्यात तार रुतलेली रानकुत्री पाहिली होती. तिला पकडायला डॉक्टर आले तोवर तिची पिल्लं बिळाच्या तोंडाशी मरून पडली होती. त्या पिल्लांना पुरताना तो पहिल्यांदा आणि शेवटचा नोकरीवर रडला. बाकी एरवी तो फार बोलणारा माणूसच नव्हता. त्याच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली, म्हणून आईने कंटाळून 'संपव एकदाचं' अशा अर्थाचं नाव ठेवलं आणि हाच तेवढा जगला. जगला तो मान खाली घालूनच. लग्नानंतर रीतीप्रमाणे बायकोच्या गावी राहायला आला, सासूचं शेत नांगरून दिलं, तिच्या अंगणात घर बांधलं. अंगण तिचं, घर तिच्या मुलीचं, मुलं तिच्या कुळाची.

"मका भरडला का गं ताई?" झेब्रोन सायकल ढकलत आला आणि थबकला. "कुणाचं मयत आहे? सगळे असे का बसलेत?"

झेब्रोन हा तिसाउकेचा भाऊ. चिंचेखाली सायकली दुरुस्त करायचा. त्यांच्यात मुलांवर हक्क बापाचा नाही, मामाचा. म्हणून या अंगणात शेवटचा शब्द झेब्रोनचा.

"तुझ्या दाजींनी मडकं परत केलंय," तिसाउके म्हणाली.

झेब्रोनने मडक्याकडे पाहिलं, मग मलिझानीकडे. सायकल कुंपणाला टेकवून तो ओट्यावर येऊन बसला.

"दाजी, पाये आवडत नाहीत तुम्हाला?"

"ब्रेकच्या तारा आहेत त्या," मलिझानी हळूच म्हणाला. "कोरड्या ओढ्यात फासांना लावलेल्या सापडल्या. सायकलच्या ब्रेकच्या. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"तेव्हाच ओळखलं होतंत," झेब्रोन म्हणाला. "माझ्या गोठ्यात बोकड किती, तुम्हाला माहीत आहे. पावसाळा संपल्यापासून तुम्ही माझे बोकड खाताय आणि गोठ्यातला एकही कमी होत नाही. असा चमत्कार तर आमच्या पाद्रीबाबांनाही जमला नाही."

ते खरं होतं. अंधार पडल्यावर जेवायचं, तुकडा निरखायचा नाही, अशी सवय मलिझानीने लावून घेतली होती. रीतीचं पांघरूण चांगलं जाड होतं.

"तुमच्या हत्तींनी माझा मका खाल्ला," झेब्रोन म्हणाला, "मी तुमचं हरीण खाल्लं. फिटंफाट. उद्या गस्त कुठे?"

"ओढ्याकडे."

"ती खाऱ्या तळ्याकडे न्या. तुमचं ऐकतात पोरं. माझे ओढ्यातले फास मी दोन दिवसांत काढून घेतो."

"आणि कुठे लावतोस?"

"ते तुम्ही कशाला विचारता? तुम्ही आजवर काही विचारलंत?" झेब्रोन हसला. त्यात द्वेष नव्हता. घरच्या माणसाला हसतात तसं हसला. "रागावू नका. पकडलंत तरी मी काय सांगणार? वनरक्षक मलिझानीने माझ्याबरोबर खाल्लं, एवढंच. आईचं मडकं आख्ख्या गावाने येताजाता पाहिलंय. तुम्ही आता आमचेच, दाजी."

म्हातारी खोपटाआडून खाकरली. "कोंबडे, माझा झेब्रोन कधी वाईट बोलत नाही. जावई म्हणजे उसना आणलेला कोंबडा. दाणे खायचे, पिल्लं द्यायची. त्याने घराच्या मालकावर आरवायचं नसतं."

"आई, पुरे!" तिसाउके म्हणाली.

"आणि एक," झेब्रोनने आवाज खाली आणला. "तुमच्या छावणीवर जप्त तारांचा ढीग पडलाय म्हणे. गंजूनच जाणार. येताना एखादं भेंडोळं आणलंत तर माझे ब्रेक वाचतील. कोण मोजतंय?"

एवढं बोलून तो उठला, बहिणीच्या हातातलं मडकं घेतलं, झाकण काढून एक तुकडा तोंडात टाकला आणि चिंचेकडे चालू लागला.

मलिझानी ते भेंडोळं डोळ्यांपुढे बघत राहिला. त्यातली प्रत्येक तार त्याने किंवा त्याच्या सोबत्यांनी गुडघ्यांवर रांगून काढलेली. आधी खाल्लं. उद्या पोरांना दुसऱ्या वाटेने न्यायचं. मग तार आणायची. पुढे कधीतरी फास कुठे लावावा, तेही तो स्वतःच सांगेल. जनावरांच्या वाटा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक?

तिसाउके ओट्याच्या पायरीवर बसली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"कालवण मीच ढवळते ना."

"बोलली नाहीस."

"बोलून? तुम्ही खाल्लं नसतंत तर आईची अब्रू गेली असती. माहीत असून खाल्लं असतंत तर तुमची. मूग गिळून गप्प बसले." ती कमरेच्या फडक्याच्या टोकाला पीळ देत राहिली. "तुम्ही त्याला धरून दिलंत तर हे लोक तुमची चटई बाहेर टाकतील, लग्न मोडलं म्हणून. आपली एनेलेसी आणि धाकटा इथेच राहतील, माझ्या आईच्या घरात. मी तुमच्या मागे आले तरी मुलं येणार नाहीत. हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग गप्प बसा की हो. सगळे बसतात."

"गप्पच बसलो होतो," मलिझानी म्हणाला. "तो आता तार मागतोय."

चिंचेखाली झेब्रोन कुणाच्या तरी सायकलचं चाक फिरवून बघत होता. त्याचा किरकिर आवाज अंगणापर्यंत येत होता. म्हातारीने कोंबडीला हाकललं. ऊन चढून खोपटाची सावली तिच्या पायांपाशी गोळा झाली होती.

मलिझानी घरात गेला. बाहेर आला तेव्हा अंगावर खाकी होती, खांद्यावर बंदूक आणि काखेत गुंडाळलेली चटई. ती पाहून तिसाउके उभी राहिली, पण वाट अडवायला पुढे आली नाही. तो अंगणाच्या मध्यापर्यंत चालत गेला आणि तिथे सासूकडे पाठ करून जमिनीवर बसला. दोन्ही तळहात पोकळ करून सावकाश टाळी वाजवली, सासरी मोठ्यांचा मान राखून बोलताना वाजवतात तशी. खोपटाआडचं बोलणं थांबलं. झेब्रोनने चाक हाताने रोखलं.

"तिसाउके, आईंना सांग," मलिझानी म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. या अंगणात मी आजवर जे खाल्लं ते गोड लागलं. आता मी छावणीवर चाललोय. आधी हे सांगणार की चोरीचं मांस मी खाल्लंय, पावसाळा संपल्यापासून, माहीत असून. माझी बंदूक तिथेच ठेवणार. मग तारा कुणाच्या ते सांगणार. झेब्रोनला माझ्याबरोबर यायचं असेल तर त्याने आत्ता यावं. नाही आला तर उद्या ते त्याला न्यायला येतील, आणि ओढ्याची वाट मीच दाखवीन. उद्यापासून माझं मडकं पाठवू नका."