ऊसतोड बाईचा रोल

"तू कर ना. तुला मेकअपही लागणार नाही."

सर हे अख्ख्या वर्गासमोर म्हणाले. टीव्ही स्टुडिओत आम्ही सगळे जमिनीवर बसलो होतो. वर्ग हसला. दुष्टपणे नाही. सहज. सर काहीतरी नेमकं बोलले की हसतात तसं. मीही तोंड हसरं केलं. कान तापले होते.

आमचा कोर्स रेडिओ, टीव्ही आणि डिजिटल कम्युनिकेशनचा. विद्यापीठाचं नगरला केंद्र आहे, तिथे. टीव्हीच्या पेपरला गटाने एक रिपोर्ट करायचा होता. आमच्या गटाने विषय घेतला ऊसतोड कामगार. खरे कामगार पुणतांब्याकडे उसाच्या फडात होते. पण गाडी कोण करणार, परवानगी कोण काढणार. सर म्हणाले, इथेच करून घेऊ, मागच्या मोकळ्या जागेत. गेटजवळच्या रसवंतीवाल्याकडून ऊस आला. माळ्याकडून कोयता. बाई तेवढी राहिली होती.

सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

मी काळी आहे. हाडकुळी आहे. ते मला माहीत होतं. पण आणखी एक गोष्ट होती, ती वर्गात कुणालाच माहीत नव्हती. माझे आईवडील ऊस तोडतात. पाथर्डीकडचं आमचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव रिकामं होतं. मी मात्र लहानपणापासून केडगावला, मामाकडे. मामाचा टेम्पो आहे. त्याने हट्टाने मला इंग्लिश मीडियमला घातलं. तिथे मी एक शिकले. विचारलं तेवढंच बोलायचं. घरचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रेडिओच्या सेमिस्टरला मी खूश होते. काचेच्या आत एकटी. समोर माइक. बातम्या मी वाचायचे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. हेच सर तेव्हा म्हणाले होते, आवाज अँकरचा आहे. मला अँकरच व्हायचं होतं. मग टीव्हीचं सेमिस्टर आलं. आवाजाला चेहरा आला.

अँकर ऋचा झाली. आमच्याच गटातली, डॉक्टरांची मुलगी. वाईट नव्हती ती. साडीही तिनेच आणली. पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "आमच्या मावशींची आहे. धुतलेली आहे गं, डोन्ट वरी."

मावशी म्हणजे त्यांच्याकडे भांडी घासणारी बाई.

मी ती नेसले. डोक्याला फडकं बांधलं. कोयता धरला. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे फडावर जायचे, त्यामुळे तो कसा धरायचा हे मला सांगावं लागलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली. कुणी ओळखेल म्हणून. वाक्य ऋचाने लिहिलेलं. "लई वंगाळ दिस आल्यात वो सायेब, आमचं कुनीबी न्हाई." असं गाऱ्हाणं मी माझ्या घरात कधी ऐकलेलं नाही. डोळ्यांत घालायला ग्लिसरीन आणलं होतं. ते लागलं नाही.

"नॅचरल," सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

रिपोर्ट विभागाच्या चॅनेलवर चढला. पडद्यावर माझ्या छातीवर अक्षरांची पट्टी. पीडित ऊसतोड महिला. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं कोयता. "ए कोयता, कॅन्टीनला येतेस का?" "कोयता, बाजूला हो, फ्रेममध्ये येतेयस." मी वळून बघायचे. हाक आली की मान आपोआप वळायची, इतकं ते नाव माझं झालं.

मामेभावाने ती क्लिप आईला पाठवली. कौतुकाने. त्याला वाटलं, ताई टीव्हीवर आली. संध्याकाळी फडावरून आईचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बघितलं म्या. चांगली दिसतीस."

मी फोन घेऊन गच्चीवर गेले.

"पर रडायला कुनी लावलं तुला?"

मी म्हणाले, तसा रोल होता.

"आन् साडी कुनाची नेसलीस? माझी मागायची. दिली असती की."

मग जेवलीस का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. मी मामाच्या गच्चीवर तशीच उभी राहिले. तिला कशाचीच लाज वाटली नव्हती. परक्या साडीचं तेवढं वाईट वाटलं होतं. मग इतकी वर्षं मी कुणाची लाज अंगावर वागवत होते? ती आईची नव्हती. माझीही नव्हती. फडापर्यंत न जाता ऊसतोडीचा रिपोर्ट करणाऱ्यांची होती.

पुढे तो रिपोर्ट स्पर्धेला पाठवायचं ठरलं. माझ्या बोलण्यात वाऱ्याचा आवाज आला होता, म्हणून तेवढा तुकडा परत घ्यायचा होता. मी गेले ती रोजच्या ड्रेसवर. ऋचाने पिशवी पुढे केली. मी घेतली नाही.

सर म्हणाले, "अगं, रोल आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

कॅमेरा चालू होता. टीव्हीत एक नियम असतो. थेट लेन्समध्ये बघायचं ते अँकरने, रिपोर्टरने. ज्याची व्यथा सांगायची, त्याने बाजूला बघायचं, माइक धरणाऱ्याकडे. मी ऋचाकडे बघितलं नाही. लेन्समध्ये बघितलं. बातम्या वाचताना लागायचा तोच आवाज लावला.

"माझी आई ऊस तोडते. वडीलही. त्यांना काय म्हणायचंय ते त्यांना जाऊन विचारा. त्यांच्या नावानं मी रडणार नाही."

कुणीच कट म्हणालं नाही. शेवटी सरांनी लेन्सवर हात ठेवला.

अभिमान वगैरे काही वाटला नाही. आता सगळ्यांना माहीत झालं होतं. ऋचा माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली, आजारी माणसाशी बोलतात तसं. कोयता म्हणण्यापेक्षा ते वाईट होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. गटाचं नुकसान केलंस म्हणाले. आधी सांगितलं असतंस तर तुला घेतलंच नसतं, असंही म्हणाले. जणू अडचण तेवढीच होती. सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर प्रॅक्टिकलचे मार्क विसर.

मी म्हणाले, "आधी ती क्लिप काढा, सर."

क्लिप अजून काढलेली नाही. माफी मी मागितलेली नाही. मार्क गेले तर पेपर परत देईन. अँकरच्या टेस्टला नाव दिलंय, नाही घेतलं तर पुढच्या वेळी पुन्हा देईन. सरांच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसते, अगदी समोर. ते मला सोडून सगळ्यांकडे बघत शिकवतात. शिकवू देत. कोर्स संपेपर्यंत मी तिथून उठणार नाही.