दगड झालेलं झाड

सिरोंच्याकडच्या आमच्या गावाला लागून एक टेकडी आहे. उन्हाळ्यात पार बोडकी, दुपारी तिकडे पाहवत नाही. पण पायथ्याचा मोह फुलला की सकाळी असा गोड वास सुटायचा की शाळेकडे पाय वळत नसत. टेकडीवर ओंडक्यांसारखे लांबट दगड पडलेले. त्यातलाच एक आमच्या दारात होता. आईच्या लग्नानंतर मामाने तो बैलगाडीत घालून आणला होता, "बहिणीले बसाले काही पाह्यजे ना," म्हणून. मामा पुढे तापाने गेला. आई रोज त्या दगडावर बसून तांदूळ निवडायची.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात शहरातून साहेब लोक आले. टेकडीवर हिंडले, आमच्या दारी पाणी प्यायले. एक जण दगडावर हात फिरवून म्हणाला, "हे झाड आहे. माणूस जन्मलाही नव्हता, तेव्हाचं." वर्तुळंही दाखवली. खरंच होती की! पण झाड असेल तर कुऱ्हाड उसळते कशी? माझं डोकं जे भंजाळलं, ते आजही तसंच आहे.

बाबांच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. ते जंगलखात्याच्या मजुरीवर जगणारे. "झाड म्हंजे लाकूडच ना? बिनपरवान्याचं लाकूड घरात! धरून नेतीन मले."

"अवो, दगड हाये तो. काऊन भेऊन राह्यले?"

"दगड हाये तं साहेब झाड काऊन म्हनते?"

बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दगड गाडीत चढवला आणि टेकडीवर टाकून आले. आई चुलीकडे तोंड करून रडली. मला बाबांचा असा राग आला!

पुढे टेकडीला कुंपण पडलं, त्या दगडांचं सरकारी उद्यान झालं. बाबांनी धीर करून गार्डाला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "दगड घरी ठेवाले कोन मना करते, भाऊ?"

"मंग नेऊ का वापस?"

"आता नाई. आता तो उद्यानाचा. नेला तं गुन्हा."

घ्या! तेलही गेलं, तूपही गेलं. घरी होता तेव्हा गुन्हा नव्हता आणि परत आणला की गुन्हा, हे गणित बाबांना शेवटपर्यंत सुटलं नाही. मलाही नाही.

बाबा गेल्यावर एकदा आईला उद्यानात नेलं. इतक्या दगडांतून तिने आपला बरोबर ओळखला, पदराने झटकला आणि बसली. गार्ड धावत आला. "बाई, उठा उठा! लय जुना हाये तो."

"मालूम हाये मले," आई म्हणाली. "माह्या लग्नातला हाये."