एक्स-रे बाईंचा लांब सूर

मास्तरांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते दाराच्या फटीतून. मास्तरांच्या घरी बासरीचे दोन वर्ग भरत. बाहेरच्या खोलीत मधला आणि आतल्या खोलीत वरचा. मधला वर्ग सुटला की बाकीचे चपला घालून पसार व्हायचे. ही मात्र एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दाराशी रेंगाळायची आणि आतले सूर ऐकत राहायची. आतल्या खोलीतल्या सुरांना जणू कडाच नसायची. एक कुठे मावळला आणि दुसरा कुठे उगवला हे कळायच्या आत ते खोलीभर पसरलेले असायचे, झोप लागता लागता ऐकू येणाऱ्या बोलण्यासारखे.

"बाई, एक तर चप्पल घाला नाही तर काढा," मास्तर म्हणाले. "असं अर्ध्यात किती दिवस राहणार?"

"तेच तर तुम्हाला विचारायचंय, मास्तर," ती म्हणाली. "अर्ध्यात किती दिवस राहणार?"

ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची, म्हणून वर्गात सगळे तिला एक्स-रे बाईच म्हणत. चाळिशी ओलांडलेली, बोलायला मोकळी, वेळेची पक्की. बोटं तयार होती. जलद चाली ती अशी वाजवायची की शेजारी बसणारा वाजवायचं सोडून बघत राहायचा. घोडं अडायचं ते संथ चालीपाशी. तिथे बोटांना फारसं कामच नव्हतं. खालचा सूर धरायचा आणि तो न तोडता हळूहळू वर सरकवत न्यायचा, बस्स. पण जिथे सूर नुसत्या फुंकरीवर तरंगायला हवा, नेमका तिथेच तिचा सूर पटकन तुटायचा. वीज गेल्यासारखा. मास्तर वरच्या वर्गात घेत ते ही एक चाल ऐकून. बाईंनी दोनदा वाजवून दाखवली आणि दोन्ही वेळा त्याच जागी माशी शिंकली.

"आता एकदाच," तिने सांगून टाकलं. "या खेपेला नाही जमलं तर बासरी भाचीला देऊन मोकळी होते. लेक म्हणते, आई, तुझ्या बासरीला उचकी का लागते गं?"

मास्तर हसले खरे, पण त्यांना ते लागलं. त्यांनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. बासरी बदलून पाहिली, ओठांची ठेवण पाहिली, फिरायला जा म्हणून सांगितलं. छाती तर भात्यासारखी होती. श्वास भरपूर होता, मग तो जायचा कुठे?

थंडीत मास्तरांना खोकला धरला, तो हटेना. "गावाला श्वास शिकवतात आणि स्वतः दिवसभर खॉक खॉक," असं म्हणून बायकोने त्यांना दवाखान्यात पिटाळलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला.

खोली गार होती. दार जाड, उजेड बेताचा. भिंतीवरच्या खुंटीला शिशाचा जड एप्रन असा लटकत होता की जणू कुणीतरी दमून उभ्या उभ्याच झोपलंय. मास्तरांनी शर्ट काढला आणि थंड पाटीला छाती टेकली. मागून ओळखीचा आवाज आला, पण वर्गातल्यापेक्षा मऊ.

"मोठा श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका… सोडा."

दुसरा फोटो बाजूने घ्यायचा होता. मास्तर हात डोक्यावर घेऊन वळले आणि काचेची खिडकी समोर आली. काचेपलीकडे बाई उभ्या होत्या. "धरून ठेवा" म्हणताच त्यांचे खांदे कानांपर्यंत चढले, ओठ मिटले, डोळे मोठे झाले. पेशंटबरोबर त्यांनीही श्वास धरला होता.

"मास्तर, सोडा म्हटलं! अहो, सोडा ना!"

बघता बघता मास्तर श्वास सोडायचंच विसरले होते.

शर्टाची बटणं लावत त्यांनी विचारलं, "तुम्ही का हो श्वास धरता?"

"मी? मी कुठे धरते?"

कोपऱ्यात चादर बदलणारी मावशी फिस्सकन हसली. "प्रत्येक पेशंटला धरतात! मला वाटायचं तसा नियमच आहे."

बाई स्टुलावर बसल्या. आपण रोज काय करतो ते त्यांना जणू आत्ताच कुणी सांगत होतं. "असेल," त्या हळूच म्हणाल्या. "म्हातारी माणसं, लहान मुलं… किती वेळ धरायला लावायचं? माझा जीव घाबरायच्या आत मी त्यांना सोडा म्हणते. तेच माझं माप असणार."

मास्तरांना तुटलेला सूर समजला. नाजूक काही समोर आलं, जराही हलू नये असं वाटलं, की या बाईचं अंग आपोआप श्वास धरत होतं. बासरीतली सगळ्यात नाजूक जागा आली की आतली एक्स-रे बाई म्हणायची, धरून ठेवा.

बाईंनी दुसऱ्या दिवशीपासून ती सवय मोडायला घेतली. एक आजोबा पाटीला टेकून उभे होते. बाई "धरा" म्हणाल्या आणि स्वतः निवांत श्वास घेत राहिल्या. फोटो निघाला, बाई पडद्यावर तो निरखायला लागल्या, आणि "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं. शेवटी आजोबांनीच बांध फोडला. "पोरी, फोटो राहील तुझा, पण मी काही राहत नाही!"

संध्याकाळी ती मास्तरांकडे आली तेव्हा डोळे भरलेले होते. "तिथे सोडला तर माणूस गुदमरतो, इथे धरला तर सूर. मी करू तरी काय?"

मास्तरांनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तिथे धरा. ती तुमची माया आहे, तिला हात लावू नका. इथे मात्र चाल विसरा. एकच सूर वाजवायचा, आणि तोही अर्धा श्वास आधी सोडून, मग. म्हणजे धरायला काही उरणारच नाही. आणि तो संपवायचा नाही, संपू द्यायचा. तो जाईल तिथवर कानांनी त्याच्याबरोबर जायचं."

मग आठवडेच्या आठवडे ती कलत्या उन्हात गच्चीवर एकच सूर वाजवायची. टाक्यांवरून, तारांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांमधून तो सूर जायचा. पुढे ती सांगायची, सुरुवातीला त्याला मागे ओढावंसं वाटायचं, लेकराचं बोट गर्दीत सुटावं तसं. मग एकदा तो इतका दूर गेला की आपण अजून फुंकतोय की नुसतं ऐकतोय, हेच कळेना. समोरच्या खिडकीत कुणीतरी दिवा लावला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की बासरी केव्हाच मांडीवर आलीय.

तिसऱ्यांदा वाजवून दाखवायला आली तेव्हा मास्तरांनी पंखा बंद केला. ती संथ चाल सुरू झाली. सूर खालून निघाला, पायऱ्या नसलेल्या जिन्यावरून वर चढत गेला आणि त्या जागेशी आला. तिचे खांदे उचलू लागले. मास्तरांना पुढे बघवेना. खांदे किंचित थांबले आणि मग खाली आले, निजल्या मुलाच्या हाताची मूठ सैल व्हावी तसे. सूर तुटला नाही. तो बारीक होत गेला, खोलीच्या कोपऱ्यांत गेला, उंबऱ्याबाहेर गेला. नक्की केव्हा थांबला ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"संपलं का हो?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "मी केव्हाची पातेलं हातात घेऊन उभी आहे!"

मास्तरांनी सुस्कारा सोडला. आपणही मघापासून श्वास धरला होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

"वर जाताना दोनदा बोट घसरलं," ती पडेल आवाजात म्हणाली.

"घसरणारी बोटं आतल्या खोलीत पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले. "माझीच दहा धरा. उद्यापासून आत बसा."

याला आता बरीच वर्षं झाली. दवाखान्यात ती अजूनही प्रत्येक पेशंटबरोबर श्वास धरते. मास्तर आता एकच वर्ग घेतात, आतल्या खोलीतला. बाहेरच्या खोलीतला मधला वर्ग दवाखान्यातून सुटल्यावर एक्स-रे बाई घेतात.